वाहनांवरील दीपपट्ट्या आणि त्यांची पारख

रात्री मोटार चालविणाऱ्या मनुष्याचे जग फार लहान असते. पुढील दिव्यांनी उजळलेला रस्त्याचा तुकडा, एवढीच त्याची व्याप्ती. त्या तुकड्याच्या पलीकडे रवंथ करीत बसलेली गुरे आहेत, दिवा नसलेली बैलगाडी आहे, की पावसाने खचलेली रस्त्याची कड आहे, हे त्याला तेथे पोचेपर्यंत समजत नाही. दिवसा ज्या वाटेने तो निर्धास्तपणे जातो, त्याच वाटेवर रात्री त्याला अधिक प्रकाश हवासा वाटतो, हे स्वाभाविक आहे. ही गरज भागविण्यासाठी गेल्या पंधरावीस वर्षांत एक नवे साधन बाजारात आले. ॲल्युमिनियमच्या लांबट पेटीत लहान लहान एलईडी दिव्यांची एक किंवा दोन रांगा बसवून तयार केलेली ही पट्टी ‘लाइट बार’ या नावाने विकली जाते. पुढील विवेचनात तिला दीपपट्टी म्हटले आहे.

दीपपट्टी ही मुळात रहदारीच्या रस्त्यांसाठी नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर वस्ती लागत नाही, समोरून वाहन क्वचितच येते आणि रात्री कांगारू व मोकाट गुरे अवचित वाटेत येतात. अशा प्रदेशात तिचा मोठा प्रसार झाला. खाणी, मोठी शेते, वाळवंटातील व डोंगरातील कच्च्या वाटा ही तिची खरी क्षेत्रे होत. भारतात मात्र ती आता शहरांतील आणि महामार्गांवरील गाड्यांवरही सर्रास दिसू लागली आहे, आणि तेथूनच अडचणींना आरंभ होतो.

दुकानात गेलेला ग्राहक दोन पट्ट्या समोर ठेवून त्यांच्या वेष्टनावरचे आकडे वाचतो. एकीवर १०,००० ल्यूमेन लिहिलेले असते, दुसरीवर ५,०००. किंमत सारखीच. तो पहिली उचलतो. ही निवड पुष्कळदा चुकीची ठरते. ती का चुकते हे समजण्यास माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

किती दूरचे दिसले पाहिजे?

दिव्याची निवड करण्यापूर्वी गाडीचा वेग विचारात घेतला पाहिजे. चालकाने अडथळा पाहिल्यापासून गाडी पूर्णपणे थांबेपर्यंत ती जे अंतर कापते, निदान तेवढ्या अंतरापर्यंतचे त्याला दिसावयास हवे. या अंतराचे दोन भाग असतात. अडथळा ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी मूळ वेगानेच धावत असते. रात्रीच्या वेळी या क्रियेस २ सेकंद लागतात असे धरणे योग्य होय. त्यानंतर ब्रेकच्या रोधामुळे तिचा वेग शून्यावर येतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. पहिल्या दोन सेकंदांत तिने ४४ मीटर अंतर कापलेले असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटतो असे मानल्यास आणखी ४९ मीटर लागतात. एकूण अंतर ९३ ते ९४ मीटर झाले. मुरूम किंवा सुटी खडी असलेल्या वाटेवर हाच घट-दर ३ वर आला, तर एकूण अंतर १२७ मीटरपर्यंत वाढते. उलटपक्षी, रात्री गव्हाची कापणी करणारे यंत्र ताशी ५ किलोमीटर वेगाने चालत असते. त्याला थांबण्यास चार-पाच मीटर पुरतात. पण दोन्ही बाजूंची उभी पिके, बांध आणि शेतात वावरणारी माणसे ही सर्व चालकाला दिसली पाहिजेत.

या दोन वाहनांना एकच दीपपट्टी चालणार नाही. एकाला दूर जाणारा झोत हवा, दुसऱ्याला जवळचा विस्तीर्ण प्रकाश हवा. वेष्टनावरील ल्यूमेनचा आकडा या भेदाविषयी काहीच सांगत नाही.

ल्यूमेन, कॅन्डेला आणि लक्स

दिव्यातून सर्व दिशांना मिळून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो याचे माप म्हणजे ल्यूमेन. तो प्रकाश एखाद्या ठराविक दिशेने किती दाटपणे जात आहे याचे माप कॅन्डेला होय. एका साध्या मेणबत्तीची तीव्रता अदमासे एक कॅन्डेला असते. आणि तो प्रकाश शेवटी एखाद्या पृष्ठावर जाऊन पडला म्हणजे ते पृष्ठ किती उजळते, हे लक्समध्ये मोजतात. नळाच्या उदाहरणाने हा फरक ध्यानी येईल. टाकीतून दर मिनिटाला किती पाणी बाहेर येते ही झाली ल्यूमेनची गोष्ट. तेच पाणी झारीतून शिंपडले तर पायाशीच पडते, आणि तोटी दाबून धरली तर अंगणाच्या पलीकडे जाते. पाणी तेवढेच असते.

प्रकाश पसरत जातो तसा तो विरळ होतो. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर विभागला जातो. म्हणून प्रदीपन हे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. केप्लर या ज्योतिर्विदाने हा नियम इ. स. १६०४ मध्ये मांडला. त्यावरून एक सुटसुटीत सूत्र मिळते: कॅन्डेलांना मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागले की त्या अंतरावरील लक्स मिळतात. ४०,००० कॅन्डेलांचा झोत २०० मीटरवर एक लक्स प्रदीपन देतो आणि ४०० मीटरवर केवळ पाव लक्स.

आता दुकानातील दोन पट्ट्यांकडे वळू. समजा, १०,००० ल्यूमेनची पट्टी आपला प्रकाश ६० अंशांच्या शंकूत सारखा पसरते. गणित केल्यास तिची तीव्रता सुमारे १२,००० कॅन्डेला येते आणि एक लक्स प्रदीपन तिच्यापासून १०९ मीटरपर्यंतच मिळते. ५,००० ल्यूमेनची पट्टी तिचा प्रकाश २० अंशांच्या शंकूत टाकीत असेल, तर तिची तीव्रता सुमारे ५२,००० कॅन्डेला होते आणि एक लक्सची मर्यादा २२९ मीटरवर जाते. अर्ध्या प्रकाशात दुप्पट पल्ला! कच्च्या वाटेवर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला १२७ मीटर लागतात हे वर आलेच आहे. मोठ्या आकड्याची पट्टी तिला पुरी पडत नाही. लहान आकड्याची पडते. कापणीयंत्रावर हाच निकाल उलटा लागेल. प्रत्यक्षातील झोत असा सर्वत्र सारखा नसतो, मध्यभागी दाट व कडेला विरळ असतो. तरी तुलनेचे तत्त्व तेच राहते.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. झोताचा आकार कायम ठेवून पल्ला दुप्पट करावयाचा तर प्रकाश चौपट करावा लागतो. ल्यूमेन दुप्पट केल्याने पल्ला फक्त १.४ पट वाढतो. त्यामुळे ‘दुप्पट शक्तिमान’ या शब्दांना भुलण्याचे कारण नाही.

चांगले उत्पादक वेष्टनावर किंवा माहितीपत्रकावर ‘अमुक मीटरवर एक लक्स’ असे लिहितात. हा आकडा ल्यूमेनपेक्षा कितीतरी उपयुक्त आहे, पण तोही डोळे उघडे ठेवून वाचावा. काही जण एक लक्सऐवजी पाव लक्सची मर्यादा छापतात. तेवढ्याने पल्ला कागदावर दुप्पट होतो. दिवा मात्र तोच असतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर जे चांदणे पडते ते सुमारे पाव लक्सच असते. चांदण्यात वाट दिसते खरी, पण काळी म्हैस दिसेलच असे नाही. एक लक्स हेदेखील किमान मापच समजावे. वेगात असलेल्या चालकाला गडद रंगाचा अडथळा निश्चितपणे ओळखण्यास याच्या काही पट प्रदीपन लागते. म्हणून छापील पल्ल्याचा निम्मा भागच आपल्या कामाचा असे धरून चालणे हिताचे.

वाटी आणि कण

एलईडी हा एक अर्धवाहक पदार्थाचा कण असतो. त्यातून वीजप्रवाह गेला की इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. कार्बोरंडमच्या स्फटिकातून असा प्रकाश निघताना हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच पाहिला होता. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली. तो साध्य करणारे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या दीपपट्टीत निळ्या प्रकाशाच्या कणावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो.

हा कण एका चकचकीत वाटीच्या तळाशी बसविलेला असतो. वाटीचा आकार अन्वस्त असतो. अन्वस्ताच्या नाभीवर बिंदूएवढा दिवा ठेवला तर परावर्तित किरण एकमेकांना समांतर निघतात आणि झोत मुळीच पसरत नाही. पण कोणताही खरा दिवा बिंदूएवढा नसतो. त्याची रुंदी वाटीच्या नाभीय अंतराच्या मानाने जितकी अधिक, तितका झोत पसरट. कण २ मिलिमीटर रुंद आणि नाभीय अंतर १० मिलिमीटर असेल, तर झोत सुमारे ११ अंश पसरतो. त्याच वाटीत ४ मिलिमीटरचा कण बसविला तर तो सुमारे २३ अंश पसरेल.

येथे एक मौजेची गोष्ट घडते. दुप्पट रुंदीच्या कणाचे क्षेत्रफळ चौपट असते. त्याच्या पृष्ठाची तेजस्विता पूर्वीइतकीच असेल, तर तो चौपट ल्यूमेन देतो आणि चौपट वीज खातो. पण त्याचा झोतही चौपट क्षेत्रावर पसरतो. परिणामी झोताच्या मध्यभागी तीव्रता होती तेवढीच राहते, आणि पल्ला एका मीटरनेही वाढत नाही! ‘पूर्वीच्या ३ वॅटऐवजी आता १० वॅटचे दिवे’ अशी जाहिरात करून त्याच आकाराच्या वाटीत मोठे कण बसविलेल्या पट्ट्या या कारणाने ग्राहकाची निराशा करतात. पल्ला हवा असेल तर मोठ्या व खोल वाट्या आणि लहान, तेजस्वी कण पाहावेत. चिमुकल्या वाट्यांच्या दुहेरी रांगेपेक्षा मोठ्या वाट्यांची एकेरी रांग पुष्कळदा दूरवर प्रकाश टाकते. केवळ पल्लाच हवा असेल तर ताटलीएवढ्या दोन गोल दिव्यांचाही विचार करावा. रुंद परावर्तकाशी बरोबरी करणे बारीक पट्टीला कठीण जाते. पट्टीचा खरा गुण आहे तो आडवा, सलग प्रकाश देण्याचा.

‘कॉम्बो’ या नावाने मिळणाऱ्या पट्ट्यांत मधल्या वाट्या दूरचा झोत देतात आणि टोकांच्या वाट्या कडेला प्रकाश पसरतात. कच्च्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला हा प्रकार बहुधा सोयीचा पडतो. तथापि गाडीच्या अगदी पुढे पडणारा प्रकाश जितका जास्त, तितकी डोळ्याची बाहुली आकुंचित होते आणि डोळा त्या उजेडाला सरावतो. मग दूरचे अंधुक पदार्थ दिसेनासे होतात. बॉनेटपुढची जमीन लखलखीत उजळली म्हणजे चालकाला फार समाधान वाटते, पण त्याच वेळी त्याची दूरदृष्टी कमी झालेली असते. बहुतेक खरेदीदार दिवा याच जवळच्या उजेडावरून पसंत करतात.

उष्णता आणि फुगविलेले आकडे

तंतूच्या दिव्याची बरीचशी उष्णता झोताबरोबरच प्रारणाने बाहेर जाते. एलईडीच्या झोतात ही उष्णता जवळजवळ नसते. हिमप्रदेशात एलईडी दिव्यांच्या काचेवर साचलेला बर्फ वितळत नाही तो यामुळे. पण उष्णता निर्माण होतेच, आणि ती कणाच्या पाठीमागून वहनाने ॲल्युमिनियमच्या पेटीत व तेथून हवेत गेली पाहिजे. ती साचली तर कणाचा प्रकाश घटतो आणि आयुष्यही. म्हणून पट्टीच्या मागील बाजूस पंखांसारख्या उभ्या पाळ्या असतात. पट्टी हातात घेऊन तिचे वजन पाहावे. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्यांपैकी जी लक्षणीय हलकी, तिच्यात धातू कमी. आणि जिच्यात धातू कमी, ती पहिली पाच मिनिटेच चमकते.

वेष्टनावरील ल्यूमेनचा आकडा हा बहुधा कणांच्या कारखान्याने दिलेल्या कमाल प्रकाशाला कणांच्या संख्येने गुणून काढलेला असतो. त्यात उष्णतेने होणारी घट धरलेली नसते, वाटी व काच यांत गमावलेला प्रकाशही वजा केलेला नसतो. प्रामाणिक उत्पादक ‘प्रत्यक्ष बाहेर पडणारे ल्यूमेन’ निराळे देतात, आणि तो आकडा नेहमीच लहान असतो.

वॅटचा आकडा तपासणे तर अगदी सोपे आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. समजा, पट्टीत ४८ दिवे आहेत, प्रत्येक ‘५ वॅटचा’ म्हणून तिच्यावर २४० वॅट आणि २४,००० ल्यूमेन छापले आहेत. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्टवर विद्युत्‌मापक ७ अँपिअर दाखवीत असेल, तर पट्टी प्रत्यक्षात ९५ वॅटच घेत आहे. या ९५ वॅटमधून २४,००० ल्यूमेन मिळावयाचे तर दर वॅटला अडीचशेवर ल्यूमेन निघाले पाहिजेत. वाहनांवरील एलईडी दिव्यांतून साधारणतः दर वॅटला १०० ल्यूमेनच्या आसपास प्रकाश मिळतो. हॅलोजन दिव्यातून तर २५ ते ३०. म्हणजे छापील आकड्यांपैकी सुमारे तीन पंचमांश केवळ शाई आहे. मापक नसल्यास पट्टीबरोबर आलेल्या तारेकडे पाहावे. खऱ्या २४० वॅटच्या पट्टीतून सुमारे १८ अँपिअर प्रवाह वाहतो. तो बारीक तारेतून नेल्यास तार तापते. जाड तार, योग्य मापाचा फ्यूज आणि रिले यांशिवाय कोणतीही पट्टी जोडू नये. पुष्कळ वाहनांना लागणाऱ्या आगींचे मूळ अशा घरगुती जोडण्यांत असते.

पाणी व धूळ यांपासूनचे संरक्षण ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन अंकांनी दाखवितात. पहिला अंक धुळीचा. ६ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडविली तरी चालेल. मात्र बुडणे सोसणारी पट्टी जोराच्या फवाऱ्यात टिकेलच असे या अंकावरून म्हणता येत नाही, कारण त्या दोन कसोट्या स्वतंत्र आहेत. नदीनाले ओलांडणाऱ्यांनी ७ पाहावा. गाडी दाबाच्या पाण्याने धुणाऱ्यांनी ‘६९ के’ ही खूण शोधावी. आणखी एक दोष केवळ वापरातच कळतो. हलक्या प्रतीच्या पट्टीतील विद्युत्‌मंडल रेडिओलहरींत खरखर उत्पन्न करते. मदतकार्याच्या गाडीत बिनतारी संच असेल तर पट्टी लावून तो वाजवून पाहिल्याविना खरेदी पक्की करू नये.

धूळ, धुके आणि दिव्याची जागा

छपरावर बसविलेली पट्टी रुबाबदार दिसते, पण तिचा प्रकाश बॉनेटवर पडून चालकाच्याच डोळ्यांत येतो. धुळीत किंवा धुक्यात तर स्थिती अधिकच वाईट होते. हवेतील कणांवरून प्रकाशाचे विकिरण होते आणि चालकाच्या दृष्टिरेषेलगतचा सारा स्तंभ पांढरा उजळतो. त्या पांढऱ्या पडद्यातून त्याला पलीकडचे पाहावे लागते. दिवा जितका डोळ्यांच्या जवळ, तितका हा पडदा दाट. खाली, बंपरवर बसविलेल्या दिव्याचा प्रकाश दृष्टिरेषेच्या खालून जातो. शिवाय खालून येणारा तिरपा प्रकाश प्रत्येक खड्ड्याची लांब सावली पाडतो, त्यामुळे खड्डा उठून दिसतो. छपरावरील दिव्याच्या सावल्या पदार्थांच्या मागे लपतात आणि उंचसखल जमीन सपाट भासते. वाळूच्या टेकड्या चढउतार करणाऱ्यांना मात्र उंचावरचा दिवा उताराच्या आत डोकावण्यास उपयोगी पडतो, हेही सांगितले पाहिजे.

पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूत फार जुनी आहे. आकाश निळे दिसते ते हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून. तेच तत्त्व धुक्याला लावले गेले. पण धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत असतात, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. एवढे मोठे थेंब सर्वच रंग जवळपास सारखे विखुरतात. पिवळ्या दिव्याचा लाभ असलाच तर तो दुसऱ्या कारणाने आहे: निळसर छटेचा तीव्र प्रकाश डोळ्यांना अधिक बोचतो. ६,००० अंश केल्व्हिन रंगतापमानाची निळसर पांढरी पट्टी विकत घेण्यापेक्षा ४,००० ते ५,००० अंशांची घ्यावी, ती लांबच्या प्रवासात सुसह्य होते. उत्तर भारताच्या मैदानातील हिवाळी धुक्यात मात्र कोणत्याही रंगाची दूरगामी दीपपट्टी अपायकारकच होय. तेथे खाली बसविलेले, खालीच पाहणारे धुक्याचे दिवे आणि कमी वेग हाच उपाय.

समोरून येणाऱ्याचे डोळे

येथवर पट्टीच्या मालकाचा विचार झाला. रस्त्यावर दुसराही एक मनुष्य असतो.

तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की त्यातील काही भाग डोळ्याच्या भिंगात व द्रवात विखुरतो आणि दृष्टिपटलावर धूसर पडदा पसरतो. हा पडदा किती दाट असेल हे काढण्याचे स्टाइल्स व हॉलाडे यांच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे: डोळ्यावर पडणाऱ्या लक्सना दहाने गुणावे आणि दिवा दृष्टिरेषेपासून जितके अंश बाजूला असेल त्याच्या वर्गाने भागावे. दोन गाड्या परस्परांपासून १०० मीटरवर आहेत आणि त्यांच्यात आडवे अंतर ३.५ मीटर आहे असे धरू; दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ते एवढेच असते. दिवा दृष्टिरेषेपासून दोन अंशांवर येतो. समोरच्या पट्टीचा ४०,००० कॅन्डेलांचा झोत चालकाच्या डोळ्यावर ४ लक्स टाकतो. पडद्याची तेजस्विता निघते दर चौरस मीटरला १० कॅन्डेला. त्याच्या स्वतःच्या दिव्यांनी उजळलेल्या डांबरी रस्त्याची तेजस्विता सुमारे एक कॅन्डेला किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे ज्या चित्रात त्याने पादचाऱ्याला ओळखावयाचे, त्याच्यावर दहापट उजळ पडदा पडलेला असतो. डिपर खाली केलेल्या नेहमीच्या दिव्याकडून त्याच ठिकाणी ४०० कॅन्डेला आले तर हा पडदा शंभरपटीने विरळ होतो.

वयानुसार डोळ्यातील विकिरण वाढत जाते. सत्तरीच्या माणसाला हा पडदा तरुणाच्या सुमारे दुप्पट दाट जाणवतो. गाडी निघून गेल्यावरही डोळा पूर्ववत होण्यास काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा मोटारसायकलस्वार पाच सेकंदांत ८३ मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने काटतो. रस्त्याच्या कडेने घरी परतणारा मजूर, सायकलस्वार किंवा बैलगाडी याच ८३ मीटरांत असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत याची तरतूद आहे. १०६ व्या नियमानुसार पुढील दिव्याचा झोत एक तर कायमचा खाली वळविलेला असावा, नाही तर चालकाला तो खाली वळविता आला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपविणारा नसावा. १११ व्या नियमाने पुढील बाजूस ‘स्पॉट लाइट’ किंवा ‘सर्च लाइट’ बाळगण्यास मनाई केली आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेनेच ती सूट मिळते. दीपपट्टीत झोत खाली वळविण्याची सोयच नसते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर ती पेटविण्याचा प्रश्न भारतात उद्भवत नाही. तिथे ती आवरणाने झाकलेली बरी. युरोपीय नियमांनी निराळी वाट धरली आहे. तेथे एका वेळी पेटणाऱ्या सर्व दूरगामी दिव्यांची मिळून कमाल तीव्रता ४,३०,००० कॅन्डेलांवर जाऊ नये असे बंधन आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त दिव्याच्या काचेवर एक अंक कोरलेला असतो आणि गाडीवरील अशा सर्व अंकांची बेरीज १०० पेक्षा अधिक होऊ द्यावयाची नाही. ही पद्धत शहाणपणाची आहे. कारण तीत ल्यूमेनला नव्हे, कॅन्डेलालाच महत्त्व दिले आहे.

खासगी शेतात, खाणीत वा वाळवंटी वाटेवर पट्टी लावणाऱ्यानेही तिची जोडणी डिपरच्या रिलेमार्फत करावी. दूरचा दिवा लागला तरच पट्टी लागेल आणि डिपर खाली करताच ती आपोआप विझेल. वेगळे बटण ठेवले तर ते ऐन वेळी हाताला सापडत नाही.

घरच्या घरी मापन

वेष्टनावरील आकड्यांची शहानिशा शाळेच्या मैदानावरही करता येते. साधा लक्समापक बाळगणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. काळोख्या रात्री पट्टीपासून २५ मीटर अंतर मोजून तेथे मापक झोताच्या मध्यभागी, पट्टीकडे तोंड करून धरावा. पट्टी लांब असल्यामुळे याहून फार जवळ मापन करू नये. जवळून सर्व वाट्यांचे झोत एकमेकांत नीट मिसळलेले नसतात. आलेल्या लक्सना ६२५ ने गुणले की कॅन्डेला मिळतात, आणि कॅन्डेलांचे वर्गमूळ काढले की एक लक्सचा पल्ला मीटरमध्ये मिळतो. मापकावर १६० लक्स आले तर तीव्रता १,००,००० कॅन्डेला आणि पल्ला ३१६ मीटर. विद्यार्थ्यांनी पट्टीकडे रोखून पाहू नये, मापकाकडेच पाहावे. मग इंजिन चालू ठेवून पट्टी पंधरा मिनिटे तशीच जळू द्यावी आणि त्याच जागी पुन्हा मापन करावे. दुसरा आकडा थोडा कमी येणारच. तो पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर पट्टी विकत घेतल्याची पावती शोधून ठेवावी.